पोळ्याच्या दिवशी पासिंग

पासिंगची तारीख नेमकी पोळ्याच्या दिवसाची निघाली, तेव्हाच शेषरावांनी काय ते ओळखायला हवं होतं. पण उभा जन्म पोस्टात गेलेला माणूस. सरकारी कागदावर आलेली तारीख त्यांच्या लेखी ग्रहणासारखी होती. ती हलत नाही, आपणच आपलं सोवळंओवळं तिच्याभोवती बसवायचं. मोटारींचे इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्याला कॅम्प लावीत. हे साहेब नवे होते, पुण्याकडचे. त्यांच्याकडे बैलांचा सण कोणत्या महिन्यात येतो ते त्यांनाच ठाऊक, पण वऱ्हाडात श्रावणी अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. महाराष्ट्र होऊन अजून दोन-तीन वर्षंच झाली होती. एकमेकांचे सण पाठ व्हायला राज्याला थोडा वेळ लागणारच.

टॅक्सी भाड्यानं चालवायची तर सालातून एकदा ती साहेबापुढं उभी करावी लागे. साहेब तिचे दिवे, हॉर्न, ब्रेक बघत आणि ती रस्त्यावर चालायला लायक आहे असा दाखला देत. शेषरावांच्या गाडीचा दाखला संपत आला होता. दाखला नाही तर परमिट नाही, आणि मोताळ्याच्या वाट्याला टॅक्सीचं परमिट एकच. त्याच्यावर डोळा ठेवून बसलेली माणसं मात्र भरपूर होती.

आता कोणी म्हणेल, गेलं परमिट तर गेलं. पेन्शन आहे, दोन वेळचं चाललंय. पण असं तोच म्हणेल ज्यानं कधी पोस्टमास्तरकी केलेली नाही. शेषराव खुर्चीवर होते तोवर मोताळ्यातला माणूस त्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढं जात नसे. रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत, बाजाराच्या गर्दीत, त्यांच्या लक्षात आलं की लोकांना आपण दिसेनासे झालो आहोत. लोक वाईट नव्हते. काम नसलं की नजर आपोआप पुढं जाते. मग त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी विलायती मोटार घेतली, परमिट काढलं, आणि नमस्कार परत आले. कोणाला मलकापूरला रेल्वे गाठायची, कोणाची बुलढाण्याला कोर्टात तारीख. सकाळी ओट्याशी माणूस उभा राही आणि विचारी, "मास्तरसाहेब, उद्या गाडी रिकामी हाये का?" हे वाक्य कानावर पडलं की शेषरावांचा चहा जास्त गोड होई. तेव्हा साहेबापुढं पास व्हायचं होतं ते शेषरावांना. गाडी नुसती निमित्ताला होती.

गाडी चालवायला उकंडराव होता. ड्रायव्हर तोच, मिस्तरी तोच आणि गाडी धुणाराही तोच. शेषराव त्याला 'उकंड' म्हणत, पोस्टातल्या शिपायाला म्हणत तसं, आणि त्यात काही कमीजास्त आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पासिंगची बातमी फुटली आणि आळीत सल्ल्याचं पीक आलं. सगळ्यात मोठा वाटा हिंमतरावांचा. हिंमतराव म्हणजे शेजारचे दुकानदार. एकदा एका लॉरीत बसून अकोल्याला जाताना वाटेत त्या लॉरीचं पासिंग त्यांनी लांबून पाहिलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर ते या विषयातले जाणकार होते. त्यांनी सांगितलं की साहेब आधी हॉर्न वाजवून बघतो. हॉर्न खणखणीत असला तर बाकीचं तो मायेनं बघतो. आळीतल्या शालूबाईंनी बंपरला जुनी चप्पल आणि लिंबू-मिरची बांधायला सांगितली. शाळेतल्या एका गुरुजींनी अशी माहिती पुरवली, की साहेबाच्या हातात छत्री असते, छत्रीचं टोक तो मडगार्डवर दाबतो आणि आत गेलं की गाडी नापास.

ही छत्रीची गोष्ट शेषरावांच्या मनात घर करून बसली. त्यांनी आपली छत्री काढली आणि खात्री करून घ्यावी म्हणून मडगार्डवर दाबली. छत्री आत गेली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

उकंडरावानं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्या भोकावर ठिगळ मारलं. ठिगळ दिसायला नको म्हणून त्याच्यावर रंग आला. तेवढाच चौकोन नवा दिसतो म्हणून सगळं मडगार्ड रंगवलं. मग दुसरं मडगार्ड विधुरासारखं दिसायला लागलं, म्हणून तेही. मग बॉनेट, मग दारं. आणि मागच्या दारांपाशी रंग संपला. तसा रंग मोताळ्यात मिळेना. गाडी समोरून नवी नवरी आणि मागून तिची आजेसासू अशी झाली. उकंडराव म्हणाला, साहेबाला मागं जाऊ देऊ नका, म्हणजे झालं.

श्रावणाच्या ओल्या हवेत तो रंगही वाळेना. एके दुपारी हिंमतरावांचा बैल पाठ खाजवायला दुसरी जागा नसल्यासारखा गाडीला घासून गेला आणि अर्धं अंग मलईच्या रंगाचं करून घरी पोचला. हिंमतरावांनी येऊन शांतपणे विचारलं, आमच्या बैलाचा रंग आम्ही पोळ्याला देणार होतो, तुम्ही आधीच काऊन दिला? शेषरावांनी माफी मागितली. मग हिंमतराव ओट्यावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, की तुमच्या एकट्याच्यानं हे होत नाही, मीच पासिंगला बरोबर येतो. दंड म्हणूनच आले म्हणा ना.

अर्जाचीही तऱ्हाच होती. कचेरीत जुने छापील अर्ज संपेपर्यंत नवे द्यायचे नाहीत असा हुकूम होता. त्यामुळं वर 'मध्यप्रदेश' छापलेलं, ते खोडून शिक्क्यानं 'मुंबई राज्य' केलेलं, आणि तेही खोडून हातानं 'महाराष्ट्र' लिहिलेलं. कारकुनानं शेषरावांचा अर्ज परत केला, कारण त्यांनी 'महाराष्ट्र' निळ्या शाईनं लिहिलं होतं. लाल हवं होतं. शेषरावांना राग आला नाही. असले अर्ज त्यांनी स्वतः इतके परत केले होते, की या कारकुनाबद्दल त्यांना आपुलकीच वाटली.

खरी अडचण घरात होती. बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, पोळ्याच्या दिवशी गाडी बाहेर काढणं मान्य नव्हतं.

"जनावराले सालातून एक दिवस सुट्टी असते," त्या म्हणाल्या, "अन् त्याच दिवशी तुम्ही तिले जुपून राह्यले."

शेषरावांनी समजावलं की हे लोखंड आहे, जनावर नाही. अन्नपूर्णाबाई पुरणाची डाळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"तिच्या जिवावर खाऊन राह्यलो ना आपन? मंग?"

शेवटी तह झाला, की गाडी न्यायची तर न्या, पण आदल्या संध्याकाळी तिची खांदेमळणी झाली पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, वर्षभर जिथं जू घासतं तिथं, कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात. वर्षभर घासल्याची ती एका संध्याकाळची माफी. शेषराव स्वतःला सुधारक समजत. तरी अन्नपूर्णाबाईंनी तुपाची वाटी आणि पळसाची पानं हातात दिल्यावर ते मुकाट अंगणात गेले. बायकोशी वाद घालून पासिंगला जाणं हा अपशकुन नाही, असं मानण्याएवढी सुधारणा त्यांच्यात झालेली नव्हती.

प्रश्न होता तो मोटारीला खांदा कुठं असतो हा. मडगार्डलाच खांदा मानावं, तर त्याचा रंग ओला. आणि मग त्यांना दिसलं, की उकंडरावानं मागची दोन्ही चाकं काढून ठेवली आहेत आणि चाकांच्या आतले ब्रेक उघडे आहेत. त्या जुन्या गाडीला ब्रेक या मागच्या चाकांनाच होते. दुपारी त्यानंच दाखवलं होतं, की चाकाच्या आत ही चंद्रकोरीसारखी पट्टी असते, ब्रेक दाबला की ती चाकाला घासते आणि चाक थांबतं. घासून घासून पातळ झाली आहे, पण अजून पकडते. एवढं सांगून, कोणी हात लावू नका असं बजावून, तो पोरांना मातीचे बैल आणायला बाजारात गेला होता.

शेषरावांनी विचार केला. जिथं घासतं तिथं लावायचं, हे शास्त्र. आणि जे घासतं त्याला वंगण लागतं, हे विज्ञान. शास्त्र आणि विज्ञान असं एकाच ठिकाणी भेटल्याचा त्यांना फार आनंद झाला. 'हात लावू नका' हे त्यांना आठवलं, पण ते पोरासोरांसाठी असणार. कोणी बघत नाही असं पाहून ते उकिडवे बसले आणि दोन्ही चाकांतल्या मिळून चारही पट्ट्यांना तूपहळद अशी प्रेमानं चोळली, की वाटीत थेंब उरला नाही. तोंडानं जे म्हणायचं असतं तेही हळूच पुटपुटले. मग हात पुसून घरात गेले आणि अन्नपूर्णाबाईंना म्हणाले, झालं तुमचं समाधान.

दिवेलागणीला उकंडराव आला. कंदिलाच्या उजेडात त्यानं चाकं चढवली. त्याचे हात आधीच तेलकट होते, आणि तुपाचा वास म्हणाल तर त्या संध्याकाळी सगळ्या मोताळ्यालाच येत होता. त्याला काही कळायचं कारण नव्हतं.

सकाळी लवकर निघाले. पुढं उकंडराव आणि हिंमतराव, मागं शेषराव, डोक्याला ठेवणीतला पटका बांधून. गावाबाहेर पडताना उकंडराव म्हणाला, ब्रेक थोडा नरम लागून राह्यला. हिंमतरावांनी सांगितलं की दवानं तसं होतं. वाटेत ब्रेक लावायची वेळच आली नाही. पोळ्यामुळं रस्त्यावर एक बैलगाडी नव्हती, आणि राजूरचा घाट सगळा चढाचा. चढावर ही गाडी ब्रेक न लावताच थांबायला बघे. शेषरावांना मात्र वाटत राहिलं, की आज गाडी कशी मऊ चालली आहे. ते मनातल्या मनात त्याचं श्रेय घेत होते.

बुलढाण्याला विश्रामगृहामागच्या मैदानात लिंबाखाली साहेबांचं टेबल होतं. समोर लॉऱ्यांची रांग. शेषरावांच्या गाडीपाशी येऊन साहेबांनी हॉर्न वाजवला, तो खणखणीत वाजला. दिवे लागले. साहेबांच्या हातात छत्री नव्हतीच. हिंमतराव बोलत बोलत साहेबांना गाडीच्या पुढच्या बाजूला धरून होते, पण साहेब मागं गेले, आजेसासूकडे एकवार बघितलं आणि काही न बोलता परत आले. शेषरावांना पाहून म्हणाले, "आपण पोस्टात होतात? वा. शिस्तीतली माणसं." इथं शेषरावांची छाती अशी भरून आली की पटका सैल झाला.

उरली ब्रेकची परीक्षा. मैदानात चुन्याची रेघ होती. लांबून वेगानं यायचं, साहेबांनी हात वर केला की ब्रेक दाबायचा, आणि रेघेच्या आत थांबायचं. उकंडराव गाडी घेऊन आला. साहेबांनी हात वर केला. गाडी रेघेपाशी आली, रेघ ओलांडली, हात वर केलेल्या साहेबांच्या समोरून पुढं गेली, टेबलाला वळसा घालून लिंबाच्या पलीकडं गेली. वेग काही फार नव्हता. कोणी पाहुणा निरोप घेऊन निघावा तशी ती चालली होती. उकंडराव आत ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला होता. विश्रामगृहाच्या मागं मेंदीचं कुंपण होतं, त्यात शिरून ती थांबली, पण थांबण्याआधी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी तिनं बरोबर घेतली. साहेबांची दोन बनियनं आणि एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी नव्या रंगाच्या बॉनेटवर पसरली. रंग अजून ओला होता.

मैदानावर कोणी हसलं नाही. तिथं असलेल्या प्रत्येकाला साहेबांची सही हवी होती.

साहेबांनी चाक काढायला लावलं. आतून वास आला. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पिवळं बोट बराच वेळ बघितलं, आणि वळून शांतपणे विचारलं, "हे तूप आहे?"

उकंडरावाचा चेहरा तर आत्ताच हे ऐकल्यासारखा झाला होता.

"गाईचं आहे," साहेब म्हणाले. "ब्रेकला कोणी लावलं?"

आता या क्षणी शेषरावांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढं ते त्यांना जन्मभर आठवणार होतं. काहीच चाललं नव्हतं. मोताळ्याचा बाजार डोळ्यांपुढं आला, त्यांच्याकडं न बघता जाणारी माणसं आली, आणि तोंड आपोआप उघडलं.

"ड्रायव्हरनं," ते म्हणाले. "अडाणी आहे, साहेब."

उकंडरावानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग कपाळावरचा घाम पुसून खाली बघत उभा राहिला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी त्याचं लायसन मागून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. हे आता वर पाठवतो, पुन्हा मिळेल अशी आशा ठेवू नकोस, म्हणाले. शेषरावांशी मात्र ते फार सौजन्यानं बोलले. मालकाची यात चूक नाही. ब्रेक स्वच्छ करून घ्या, दुसरा ड्रायव्हर आणा, दुपारी गाडी दाखवा, दाखला देऊन टाकतो. हिंमतराव खुलले. इथल्या एका लॉरीवाल्याचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला घेऊनच येतो, असं म्हणून ते निघाले. जाताना शेषरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "आता तोंड उघडू नका, मास्तर. ड्रायव्हर छप्पन भेटतीन. परमिट एकच हाये."

बोलणं खरं होतं. शेषराव हॉटेलात गेले, चहा मागवला. दाखला हातात आल्यासारखाच होता. चहा गोड लागेना म्हणून त्यांनी आणखी साखर घातली, तरी लागेना. परत आले तर कुंपणाशी गाडीखाली फडकं अंथरून उकंडराव बसला होता, पेट्रोलनं पट्ट्या धूत. लायसन नाही, नोकरी गेली, आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती गाडी धड जावी म्हणून हा तिचे ब्रेक धुतो आहे. शेषरावांना वाटलं, यानं दोन शिव्या तरी द्याव्यात. उकंडराव म्हणाला, "हिकडच्या दोन झाल्या साहेब. तिकडच्या दोन राह्यल्या."

शेषराव सरळ टेबलापाशी गेले.

"साहेब, ते तूप ड्रायव्हरनं लावलं नाही. मी लावलं."

साहेबांनी पेन खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पोस्टमास्तर, तुम्ही भले गृहस्थ आहात," ते म्हणाले. नोकराला वाचवायला मालक स्वतःवर आळ घेतो, हे त्यांनी इतक्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं होतं. पण सुशिक्षित माणूस ब्रेकला तूप लावील, यावर त्यांनी विश्वास कसा ठेवावा? शिपायाला त्यांनी खुर्ची आणायला सांगितलं. रांगेतल्या लोकांना शेषरावांकडं बोट दाखवून म्हणाले, याला म्हणतात माणुसकी.

आयुष्यभर हवी होती ती इज्जत शेषरावांना अशी चारचौघांत खुर्चीसकट मिळत होती, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि जितकं सांगत तितके अधिक थोर ठरत. अखेर ते म्हणाले, "कसं लावलं ते दाखवतो."

ते चाकापाशी उकिडवे बसले. ठेवणीतलं धोतर पेट्रोलात भिजलं. लिंबाचा एक डहाळा घेऊन त्यांनी उघड्या पट्टीवर तो वरून खाली, वरून खाली फिरवला, बैलाच्या खांद्यावरून फिरवतात तसा. लॉऱ्यांचे ड्रायव्हर, क्लीनर, कारकून, सगळे भोवती जमले.

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग... म्हटलं."

"काय म्हटलं?"

शेषरावांनी डोळे मिटून घेतले. बैलाला आदल्या दिवशी सणाच्या जेवणाचं आवतण देतात, ते पोटच्या पोराला बोलवावं तशा आवाजात द्यायचं असतं. त्याच आवाजात ते म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

"कोणाला?"

"चाकाला."

आता मात्र मैदान हसलं. सहीची पर्वा न करता हसलं. एक लॉरीवाला तर हसता हसता पायदानावर बसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला हळूच विचारलं, आज इथं पोळा आहे का. कारकून हो म्हणाला. आणि साहेबांनी कॅम्पच्या तारखेकडं असं बघितलं, की आपलाही यात थोडा वाटा आहे हे त्यांना उमगलं असावं. खणातून लायसन काढून त्यांनी उकंडरावाला परत दिलं. मग शेषरावांच्या अर्जावर लाल शाईनं काट मारली.

"ड्रायव्हर बदला असं मला सांगता येतं," ते म्हणाले. "मालक बदला असं कोणत्या कलमाखाली सांगू? पुढच्या कॅम्पला या."

पुढच्या कॅम्पपर्यंत परमिट राहणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

हिंमतराव ड्रायव्हर घेऊन आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चाकाच्या आवतणासकट सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि आपण एस.टी.नं जातो म्हणाले. एस.टी. या गाडीच्या आधी पोचते, आणि हिंमतराव ज्या गाडीत बसतात तिच्यात बातमीही बसते.

उकंडरावानं गाडी पहिल्या गियरात घाटाखाली आणली. धुतलेले ब्रेक थोडेफार पकडत होते. शेषराव आज पुढं त्याच्या शेजारी बसले होते. मागं एकटं बसणं त्यांना जड गेलं असतं. त्यांनी माफीचे शब्द जुळवून ठेवले होते, पण प्रत्येक वळणाला ते पुढच्या वळणावर ढकलत होते. उकंडरावच बोलला.

"साहेब, एक इचारू?"

"विचार."

"चाकाले आवतण देलं तुम्ही."

"हो रे बाबा."

"मी दिवसभर तिथंच होतो, त्याच चाकापाशी. मले नाही देलं."

तक्रारीचा सूर नव्हता. गाडीत कुठं काही खडखडलं तर तो सांगे, तसंच सांगितलं. शेषरावांनी जुळवलेले सगळे शब्द कुठल्या कुठं गेले. दोन वळणं तशीच गेल्यावर ते घाईघाईनं म्हणाले, की अरे, आज चल ना, घरी पुरण घातलेलंच आहे.

"आवतण आदल्या दिवशी असते, साहेब," उकंडराव म्हणाला. "आता पंचफुलानं रांधून ठेवलं असन."



मोताळ्यात शिरले तेव्हा पोळा नुकताच फुटला होता. सजवलेले बैल घरोघर निघाले होते, चौकात माणसं दाटली होती. गाडी दिसताच गर्दीनं वाट दिली आणि एकेकानं हात जोडले. एवढे नमस्कार शेषरावांना खुर्चीवर असतानाही मिळाले नव्हते. त्यांचा हात पटक्याकडं जाऊ लागला, आणि मग त्यांना दिसलं, की लोक वाकून वाकून मागच्या चाकाला नमस्कार करत आहेत. एका म्हाताऱ्यानं तर त्याला कुंकू लावलं.

घराच्या ओट्यावर अन्नपूर्णाबाई आणि अर्धी आळी उभी होती. हिंमतराव मध्यभागी होते. शेषराव खाली बघत उकंडरावाला म्हणाले, "थांबू नको. चल पुढं."

"कुठी?"

"कुठंही."

"मंग आमच्याकडंच चला," उकंडराव म्हणाला, आणि त्यानं गाडी गावाच्या टोकाकडं वळवली.

त्याचं घर एका खोलीचं होतं. दारात पोरांचे मातीचे बैल मांडले होते. त्याची बायको पंचफुला लगबगीनं बाहेर आली, पाट शोधू लागली. इतके दिवस हा माणूस आपल्याकडं राबतो आणि त्याच्या बायकोचं तोंड आपण आज पहिल्यांदा बघतो आहोत, हे शेषरावांच्या तेव्हा लक्षात आलं. शेषराव बाहेर हात धूत होते तेवढ्यात नवरा-बायकोचं आत काही हळू बोलणं झालं. मग ती ताट घेऊन आली, पदर सावरून समोर बसली आणि म्हणाली, "हे म्हन्तेत साहेब, आज तुम्ही त्या मोठ्या साहेबापुढं उभं राहून ह्यायचं लायसन वाचोलं."

शेषरावांनी उकंडरावाकडं बघितलं. तो आपल्या ताटात बघून जेवत होता.

"नाही बाई," शेषराव म्हणाले. "ते गेलं होतं ते माझ्यामुळंच. मी खोटं बोललो होतो."

पंचफुला हसली. मोठी माणसं असंच म्हणतात, हे तिला माहीत होतं. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी टाकली, आणि ती त्यांना मान खाली घालून खावी लागली.